आठवतं, लक्षात आहे आणि 'म्हणे'

पाटण तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी आठवणी लिहायला घेतल्या आहेत. 'मला आठवते' आणि 'माझ्या लक्षात आहे' यांत फरक करावा का, असं ते विचारतात. सोबत त्यांचं वाक्य : "मला आठवते, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, उतरंड कोसळली, आजीने मला घोंगड्यात गुंडाळून अंगणात आणले, शेजारची भिंत पडली." तेव्हा ते पाच वर्षांचे होते.

गुरुजी, फरक जरूर करा. 'मला आई आठवली', 'मला ते दिवस आठवले' : इथं क्रियापद आईच्या, दिवसांच्या मागून चालतं. 'मला भूक लागली'सारखंच हे. 'लक्षात'ला मात्र जपणूक लागते. पाढे, उधारी, कुणाचा पत्ता आपण लक्षात ठेवतो, म्हणून ते लक्षात असतं. तुमच्या वाक्यातली तारीख लक्षात आहे; घोंगडं आठवतं.

'आठवणे' नेहमी आपोआपच घडतं असंही नाही. सज्जनगडच्या समर्थांचं 'शिवरायांचा आठवावा प्रताप' आपल्या जिल्ह्यात पोरंसोरंही म्हणतात. त्यातलं आठवणं मुद्दाम करायचं आहे. रोजच्या बोलण्यात त्यासाठी आपण 'आठवून बघतो' म्हणतो. लिहिताना ताण देऊन काही काढलं असेल, तर तसंच लिहावं.

आता खरा मुद्दा. यातलं तुम्हाला स्वतःला काय आठवतं, असं मी फोनवर विचारलं. तुम्ही जरा थांबलात आणि म्हणालात, "मडकी फुटल्याचा आवाज. आणि गालाला घोंगडं टोचत होतं." बाकीचं घरात ऐकलेलं. ऐकलेल्या गोष्टीसाठी मराठीत दोन अक्षरांचा फार गुणी शब्द आहे : म्हणे. 'आजीनं मला उचलून अंगणात आणलं म्हणे.' एवढ्यानं वाचकाला कळतं की हे दुसऱ्याच्या तोंडून आलंय, आणि वाक्यही अडखळत नाही. 'म्हणे'त कधी अविश्वास डोकावतो हे खरं ('तो म्हणे आमदार होणार!'). आजीच्या बाबतीत ती छटा नको असेल तर 'आजी सांगायची' लिहा. मला तेच जास्त आवडेल, कारण त्यानं आजी तिच्या आवाजासकट पानावर येते.

'आजीची आठवण येते' आणि 'आठवण झाली' हेही एकमेकांच्या जागी वापरू नका. पहिल्यात हुरहुर आहे, दुसऱ्याला निमित्त लागतं.

मी असं लिहीन : "उतरंड कोसळल्याचा आवाज आठवतो. गालाला घोंगडं टोचलेलं आठवतं. अंगणात मला आजीनं आणलं, ती सांगायची. शेजारची भिंतही पडली होती म्हणे."