चित्र छापलंय, पण दिसतंय कुठे?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ सिगारेट ओढतो, सांगून सांगून थकले मी. परवा त्याचं पाकीट हातात घेतलं तर त्यावर इशाऱ्याचं चित्र होतं पण निम्म्या चित्रावर टॅक्सचा स्टिकर चिकटवलेला आणि उरलेली अक्षरं झाकण उघडलं की दुमडून गायब! कंपनी म्हणणार आम्ही छापलंय ना. मग नियम पाळला असं धरायचं का? आणि पाकिटावर 'लाइट' लिहिलंय, भाऊ म्हणतो ही कमी घातक असते. खरंय का ते?

उत्तर: ताई, तुम्ही पाकीट नीट बघितलंत हेच विशेष, बहुतेक लोक बघत नाहीत.

नुसतं छापलं म्हणजे पाळलं असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार २००५ पासून लागू आहे, त्याच्या कलम ११ मध्ये म्हटलंय की इशारा मोठा, स्पष्ट, वाचता येईल असा हवा, पाकिटाच्या मुख्य बाजूंच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी तर नकोच आणि शक्यतो ५० टक्के किंवा जास्त. पुढे २००८ साली या कलमाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि त्यात नेमकं तुमचंच गाऱ्हाणं आहे, म्हणजे इतर कुठल्याही शिक्क्याने किंवा लेबलाने इशारा झाकला जाऊ नये, पाकीट उघडताना तो फाटू किंवा लपू नये, पुढे-मागे दोन्हीकडे हवा आणि तळाशी नाही तर वरच्या भागात हवा. का, तर दुकानात पाकिटं रचली की खालचा भाग दिसतच नाही. अर्थात करार सरकारांना बांधतो, कंपनीला बांधतो तो त्या त्या देशाचा कायदा, त्यामुळे टक्के वगैरे देशागणिक बदलतात.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत कसली म्हणा. तेच ते चित्र रोज बघून माणसाची नजर मरते म्हणून चित्रं ठराविक काळाने बदलायची असतात. त्या बदलाच्या वेळी जुना माल संपवायला बऱ्याच ठिकाणी मुदत मिळते, त्यामुळे जुनं चित्र दिसलं की लगेच चोरी म्हणू नका, आधी उत्पादनाची तारीख बघा. झाकलेल्या चित्राला मात्र ही सबब चालत नाही.

सुट्या विक्रीत तर पाकीटच हातात येत नाही, मग इशारा कितीही मोठा असो काय उपयोग? कॅनडाने तर २०२३ च्या नियमांत एकेका सिगारेटवरच इशारा छापायला लावला.

आता 'लाइट'. भावाला सांगा, साफ चुकीचं आहे. फिल्टरला बारीक भोकं असतात, मशीनवर मोजताना त्यातून हवा शिरते आणि टारचा, म्हणजे धुरातल्या चिकट घातक पदार्थाचा, आकडा कमी येतो, पण माणूस ओढताना ती भोकं बोटांनी नाहीतर ओठांनी झाकतो आणि वर दम पण खोल घेतो, मग कसली लाइट! त्याच करारात असे दिशाभूल करणारे शब्द रोखायला सांगितलंय आणि खूप देशांत ते बंदही आहेत.

तक्रार करायची असेल तर पाकिटाच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा, उघडलेलं आणि बंद दोन्ही, तारीख आणि बॅच नंबर स्पष्ट येऊ द्या आणि आरोग्य खात्याच्या तंबाखू नियंत्रण विभागाकडे पाठवा. आणि रागाच्या भरात पाकीट कचऱ्यात टाकू नका, सिगारेटी टाका हवं तर, पाकीट ठेवा.