वर्ल्ड प्रेस फोटो या बातम्यांच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेचे विजेते कसे निवडतात? एडिट केलेला फोटो चालतो का?

जगाचे सहा विभाग पाडलेत. आधी विभागीय परीक्षक फोटो निवडतात, मग जागतिक ज्युरी. फोटोग्राफरचं नाव त्यांना दिसत नाही.

खरी कसोटी शेवटच्या फेऱ्यांत. कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवून तज्ज्ञ ती पाठवलेल्या फोटोशी ताडून पाहतात. उजेड, रंग थोडा सुधारलेला चालतो, पण काही पुसलं किंवा जोडलं की फोटो बाद. २०१० मध्ये स्तेपान रुदिकचं बक्षीस मागे दिसणारा पाय पुसल्यामुळे गेलं. एवढ्याशा पायासाठी! २०१५ मध्ये तर उपांत्य फेरीतले सुमारे २० टक्के फोटो बाद झाले.

फोटोखाली दिलेल्या ओळीही तपासतात. त्याच वर्षी ज्योव्हान्नी त्रोइलोचं बक्षीस काढून घेतलं, कारण बेल्जियममधल्या शार्लरुआ शहराचा म्हणून दिलेला एक फोटो ब्रसेल्समधला निघाला.