तबला सोडू नकोस

तबला, चित्रकला आणि कॅमेरा यांतलं काय सोडू, असं विचारलंस. माझं ऐकशील तर काहीच सोडू नकोस. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ पॅरिसमध्ये आधी चित्रकला शिकले, आंद्रे लोत यांच्याकडे. १९४७ मध्ये मॅग्नम ही छायाचित्रकारांची संस्था उभी करणाऱ्यांत ते होते आणि सत्तरच्या दशकात पुन्हा रेखाटनांकडे वळले. त्यांच्या चौकटीत चित्रकाराची मांडणी स्पष्ट दिसते.

तुझा तबलाही कामाला येईल. वारीत पावली खेळताना बघ. पखवाजाची लय चढत जाते, आणि वारकऱ्याचा पाय कधी उचलला जाणार हे डोळ्याआधी कानाला कळतं. बोट त्याच क्षणी शटरवर हवं. रिंगणात तर बहुतेक सगळ्या लेन्स अश्वावर असतात. तू टाळकऱ्यांचे चेहरे बघ.

पोटापाण्याचं म्हणशील, तर नुसत्या भटकंतीच्या फोटोंवर सुरुवातीला घर चालत नाही. लग्नं, हॉटेलांची कामं बिनदिक्कत घे. मात्र करार लेखी कर. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो, वेगळं ठरलं नसेल तर. हे बऱ्याच नवख्यांना फार उशिरा कळतं, म्हणून जीव तोडून सांगतो.

आणि गाव, तारीख, माणसाचं नाव त्याच रात्री लिहून ठेव. ज्याचा फोटो काढलास त्याला एक प्रत पाठव.