संत एकनाथांसारखी शांती ठेव म्हणतात, पण म्हणजे नेमकं काय करायचं

परवा परत एकीने तेच विचारलं, "मॅडम, प्रेम आहे म्हटल्यावर सहन करावंच लागतं ना?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांपैकी महिन्यातून चार-पाच जणी तरी हे विचारतात, म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पैठण तालुक्यातली, लग्नाला ५ वर्षं झालेली, एक लेकरू. पहिल्या पाच मिनिटांत तिने तीनदा सांगितलं की हे मारत नाहीत बरं का मॅडम. पण नवऱ्याने हिचा मोबाईल रोज चेक करायचा, माहेरी फोन लावला की तोंड फुगवायचं, चिडला की भरल्या ताटावरून उठायचं आणि मग आठ आठ दिवस अबोला, शेवटी हिनेच माफी मागायची, चूक कुणाची का असेना. सासूबाई म्हणायच्या, नाथांच्या गावची सून हाएस, जरा शांती ठेव. घर माळकऱ्यांचं, एकादशी कधी चुकत नाही, त्यामुळे हिला वाटायचं मला राग येतो म्हणजे माझीच भक्ती कमी पडायली.

मी म्हटलं, नाथांची ती गोष्ट मला पूर्ण सांग बरं. तिने सांगितली. नाथ गोदावरीत अंघोळ करून वर यायचे, एक माणूस अंगावर थुंकायचा, नाथ परत नदीवर, असं म्हणे १०८ वेळा, शेवटी त्यानेच पाय धरले.

"थुंकल्यावर नाथ काय करायचे?"

"परत अंघोळ."

"थुंकी तशीच अंगावर घेऊन घरी गेले का? त्याची माफी मागितली का?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "म्या तर पाच वर्षं अंग धुतलंच नाही मॅडम."

तिथून खरं काम सुरू झालं. तिला एकच वाक्य दिलं, "तुम्ही चिडलात, मला कळतंय, आत्ता नको, जेवणं झाल्यावर बोलू." माझ्यासमोर म्हणताना सुद्धा आवाज कापायचा तिचा. अबोला असला तरी आपण वेळेवर जेवायचं, आईला फोन समोर बसूनच लावायचा, चूक नसताना माफी नाही. सुरुवातीचे पंधरा दिवस उलट जास्त त्रास झाला, हे मी आधीच सांगून ठेवते सगळ्यांना.

आणि हात उचलला जात असेल, जिवाची भीती वाटत असेल तर हे वाक्य-बिक्य काही नाही, आधी सुरक्षित जागा, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन. "मारत नाहीत ना" एवढ्यावर समाधान मानू नका, २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात शिवीगाळ, मानसिक छळ, पैशाची अडवणूक हे पण हिंसाचारच आहे.

चौथ्या वेळेस तो स्वतःच आला, तुम्ही हिला काय शिकवायलात बघायला. मी म्हटलं बसा दादा. तासभर बोलल्यावर निघालं की त्याच्या घरी वडील महिना महिना बोलायचे नाहीत, राग आला की गप्प बसायचं एवढंच त्याने पाहिलेलं, आणि ही सोडून जाईल ही भीती वेगळीच. भीती खरी होती, पण मोबाईल तपासून ती कमी होत नाही, रोज वाढतेच, हे त्याला पटायला वेळ लागला आणि अजून पूर्ण पटलेलं नाही.

यंदा नाथषष्ठीला दर्शन करून दोघं भेटायला आले. तो लेकराला घेऊन पुढे गेल्यावर ती म्हणाली, "परवा भांडण झालं तर हेच म्हणाले, थांब, एक चक्कर मारून येतो, मग बोलू."

"मग आले का?"

"आले की. म्या तवर चहा ठेवला होता, माझ्यापुरता. मग अजून एक कप टाकला."