खून करण्याआधी पेव बघून ये

तुझी कथा वाचली. खून झकास आहे, पण तपास फसलाय. तुझा फौजदार २०२५ सालातल्या खुनाला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ लावतो. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाचं कलम १०३. म्हातारे हवालदार अजून 'तीनशे दोन' म्हणतील, ते संवादात चालेल. फिर्यादीच्या कागदावर नाही.

दुसरं, प्रेत उसात टाकू नकोस. सगळे तिथंच टाकतात! सांगलीत राहतोस ना? मग हरिपूरला जा, हळद साठवायची जुनी पेवं बघ. जमिनीखाली खोल खड्डा, वर अरुंद तोंड. बंद पेवात प्राणवायू कमी होतो, म्हणून आधी तोंड उघडून हवा खेळू देतात, मगच माणूस उतरतो. आता विचार कर, हे ठाऊक असलेल्या माणसानं न ठाऊक असलेल्याला घाईनं खाली उतरवलं तर? ना सुरा, ना विष. मात्र २००५ च्या पुरात पुष्कळ पेवं गेली, तेव्हा कथेचा काळ जपून निवड.

मी रोज पहाटे दोन पानं लिहितो, मग मार्केट यार्डात चहा. तिथं सौदे ऐकत बसतो. माणसं खोटं कसं बोलतात, ते तिथं फुकट शिकायला मिळतं. बायकोला वाटतं, भाजीला गेलोय.