सोसायटीच्या बागेत कुत्र्यांची शी पडलेली असते, तीन वर्षांचा मुलगा तिथेच मातीत खेळतो. त्याला जंत होतील का?

होऊ शकतात. शी दिसली की मुलाला लगेच उचलून घेता, असं तुम्ही लिहिलंय. ते बरोबरच आहे, पण खरी भीती ताज्या शीची नाही. मी नाशिकमध्येच पशुवैद्यक आहे, तुमच्या इंदिरानगरातली कुत्रीही माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुत्र्याच्या पोटातल्या टॉक्सोकारा नावाच्या गोल जंताची अंडी बाहेर पडताक्षणी बाधत नाहीत. साधारण 2 ते 4 आठवडे मातीत राहिली की आत अळी तयार होते, मग बाधतात. तोवर पावसात शी वाहून गेलेली, जागा स्वच्छ दिसते. अंडी मात्र मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात. मातीचा हात तोंडात गेला की अळी आतड्यातून रक्तात शिरते, यकृतात, फुप्फुसात फिरते. क्वचित डोळ्यात जाऊन नजर अधू करते. बहुतेक मुलांना काहीच जाणवत नाही, हेही खरं. पण ताप-खोकला रेंगाळला, पोट दुखत राहिलं, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले निघाले, तर बालरोगतज्ज्ञांना बागेचं आवर्जून सांगा. स्टूल टेस्ट नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ही अळी माणसात मोठी होऊन अंडी घालतच नाही, मग तिथे सापडणार काय? त्यासाठी रक्ततपासणी लागते. अंगणवाडीत मिळणारी जंताची एक गोळीही यावर पुरत नाही.

चप्पलही हवीच. कुत्र्यांच्या पोटातला हुकवर्म हा दुसरा जंत, त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत घुसते. नागमोडी लाल रेघ उठते, रोज थोडी पुढे सरकते आणि प्रचंड खाजते.

टॉक्सोकाराची सगळ्यात जास्त अंडी पिल्लांच्या शीतून पडतात, कारण त्यांना आईच्या पोटातच लागण होते. माझ्याकडे महिन्याभराची पिल्लं येतात, बरगड्या दिसतात आणि पोट मात्र टम्म. औषध दिलं की शिजलेल्या शेवयांसारखे जंत पडतात. म्हणून कुत्री हाकलण्यात शक्ती घालवू नका, गेटवरच्या पिल्लांना औषध द्या: दोन आठवड्यांची झाल्यापासून दर पंधरवड्याला, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी. पाळलेल्यांनाही तेच.

शी त्याच दिवशी उचला, वाळूचा खड्डा रात्री ताडपत्रीने झाका. मुलाचे हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरने ही अंडी मरत नाहीत. औषध आणायला जाताना पिल्लाचं वजन करून जा, डोस वजनावर ठरतो.