बर्फाचे कपडे आणि न मोडता येणारी ‘एफडी’

‘जानेवारीच्या मध्यात आम्ही पाच जण काश्मीरला जातोय : मी (३९), पत्नी, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा आणि आई ७१. श्रीनगर, गुलमर्ग, सोनमर्ग. सहलीचे १ लाख ६५ हजार भरून झालेत. इथल्या एका दुकानदाराने पाचही जणांच्या बर्फातल्या जॅकेट-पँट-बुटांचा ८५ हजारांचा अंदाज दिलाय, कार्डावर बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने. गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला हेच भाड्याने मिळतं असंही ऐकतो. काय करावं? विकत घेतलं तर दरवर्षी वापरता येईल, मुलांचं थोडं मोठ्या मापाचं घेऊ, आणि नकोच झालं तर निम्म्या किमतीला जाईल. रोख द्यायला पैसे नाहीत, कारण बोनस २८ जानेवारीला एफडीत जातो. बँकेतल्या मॅडमनी २०२४ मध्ये ही एफडी करून दिली. दरवर्षी दीड लाख, दहा वर्षं. मधे मोडता येत नाही, पण गॅरंटीड आहे, टॅक्सही वाचतो. पुढे तिच्या पैशातून दरवर्षी अशी सहल होईल. हातात पगार ९२ हजार, घराचा हप्ता ३१ हजार, बचत खात्यात ४० हजार. एफडीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे.’
– एक वाचक, चिंचवड

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. ८५ हजारांची खरेदी करू नका. काही वस्तू विकत घ्या, उरलेल्या भाड्याने घ्या. सगळं मिळून २७ हजारांत बसेल.

तुमचे बर्फातले दिवस दोनच आहेत, एक गुलमर्गचा आणि एक सोनमर्गचा. झेड-मोढ बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हापासून सोनमर्गला हिवाळ्यातही जाता येतं. पण तिथे तुम्ही सकाळी जाणार आणि संध्याकाळी श्रीनगरला परत. या दोन दिवसांसाठी माणशी १७ हजारांचे कपडे घ्यायचे, आणि चिंचवडला परतल्यावर ते कपाटात ठेवायचे. आपल्याकडे कडाक्याची थंडी म्हणजे पहाटेचे ८-१० अंश. त्या थंडीत हे जॅकेट घालून कुणी दूध आणायलाही जाणार नाही. सहा वर्षांच्या मुलाचं माप वर्षभरात बदलतं. ‘थोडं मोठं घेऊ’ हा विचार शाळेच्या गणवेशाला चालतो, बर्फात चालत नाही. कपडा ढगळ असला की मनगटातून, गळ्यातून, कमरेतून वारा आत शिरतो आणि अंगाने तापवलेली हवा निघून जाते. राहिली निम्म्या किमतीची आशा. वापरलेलं बर्फाचं जॅकेट चिंचवडमध्ये कोण घेणार? बॅगेत दाबून ठेवलेल्या जॅकेटला पहिल्याच पावसाळ्यात कुबट वास यायला लागतो. परतीची किंमत शून्य धरा.

आता काय विकत घ्यायचं ते. जे अंगाला चिकटून असतं ते स्वतःचंच हवं. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. तुम्ही जाताय ते चिल्लई कलानचे दिवस, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरचा सगळ्यात कडक हिवाळा. रात्री पारा शून्याखाली आठ-दहा अंश जाणं तिथे नेहमीचं. अशा थंडीत एक जाडजूड कोट पुरत नाही, थर लागतात. आत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड), आणि सगळ्यात बाहेर वारा नि पाणी अडवणारं जॅकेट. आतला थर सुती नको. सुती कापड घाम पिऊन बसतं, वाळत नाही, आणि ओलं कापड अंगाची ऊब ओढून घेतं. मुलं बर्फात पळतात, घामेजतात आणि मग स्लेजवर स्वस्थ बसतात. थंडी वाजते ती तेव्हा.

हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी गुलमर्गलाच माझ्या मुलीच्या हातात मी साधे विणलेले लोकरी हातमोजे घातले होते. दिसायला सुंदर होते. तिने बर्फाचे गोळे करायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत मोजे भिजून जड झाले. अर्ध्या तासात ती हात काखेत धरून रडत होती. बोटांची टोकं पांढुरकी पडली होती. एका चहावाल्याने तिला शेगडीपाशी बसवलं आणि माझ्या बायकोला सांगितलं, हात शेगडीवर धरू नका, चोळूही नका, स्वतःच्या अंगाशी धरून ठेवा. त्याचं बरोबर होतं. बधिर बोटांना चटका कळत नाही. त्या दिवसापासून हातमोज्यांवर काटकसर करा असं मी कुणालाही सांगत नाही.

तर हिशेब असा. पाच थर्मलचे जोड ६ हजार. लोकरी पायमोजे, माणशी दोन जोड, ३ हजार. पाणी न शिरणारे हातमोजे ४ हजार. कानटोप्या दीड हजार. घरात स्वेटर असतीलच, तरी तीन फ्लीस धरू, साडेतीन हजार. दोन्ही मुलांचे बर्फातले बूट ४ हजार, कारण लहान मापाचे चांगले गमबूट भाड्याच्या दुकानात मिळतीलच असं नाही. झाले २२ हजार. बाहेरचं जॅकेट, मुलांना वॉटरप्रूफ पँट आणि मोठ्यांना गमबूट टंगमर्गला भाड्याने घ्या. माणशी दिवसाला ५०० धरा, दोन दिवसांचे ५ हजार. सोनमर्गलाही तशीच सोय आहे. एकूण २७ हजार. नो-कॉस्ट ईएमआयही पूर्ण फुकट नसतो. प्रोसेसिंग फी असते आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो.

शिवाय १० हजार रोख वेगळे ठेवा. टंगमर्गच्या पुढे बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी करावी लागते, आणि ती बहुतेक पॅकेजात धरलेली नसते. गोंडोलाची, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेची, तिकिटं पॅकेजात आहेत का तेही आजच विचारा. ती ऑनलाइनच मिळतात आणि या हंगामात पटकन संपतात.

आता मी तुमच्या जोडलेल्या फोटोकडे वळतो. तो पाहिल्यापासून मला ८५ हजारांची फारशी काळजी वाटत नाही.

ती एफडी नाही. बँकेच्या मुदत ठेवीच्या पावतीवर तीन गोष्टी ठळक असतात : किती रक्कम, किती टक्के, कोणत्या तारखेला परत. तुमच्या पानावर टक्केवारी कुठेच नाही. त्याऐवजी ‘विमा रक्कम १५,००,०००’ आहे, ‘हप्ता भरण्याची मुदत १० वर्षे’ आहे, ‘पॉलिसीची मुदत १५ वर्षे’ आहे. खाली विमा कंपनीचं नाव आहे आणि बँकेचं नाव ‘कॉर्पोरेट एजंट’ या रकान्यात आहे. म्हणजे बँक इथे दुकानदार आहे, तुमचे पैसे तिच्याकडे नाहीतच. तुम्ही घेतलीय ती एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली, विमा पॉलिसी. बँकेच्या ठेवीला असलेलं ५ लाखांपर्यंतचं ठेवविम्याचं संरक्षणही तिला लागू नाही.

अशी पत्रं मला वारंवार येतात आणि दर वेळी राग येतो. तुमच्यावर नाही. काचेपलीकडे बसलेल्या माणसावर विश्वास ठेवणं हा तुमचा गुन्हा नाही. पण ‘मोडता न येणारी, दरवर्षी भरायची एफडी’ असं जगात काही नसतं, हे त्या खुर्चीवर बसलेल्याला पक्कं ठाऊक असतं.

गॅरंटीचं म्हणाल तर फोटोतल्या कोपऱ्यात तक्ता दिसतोय : जानेवारी २०३९ मध्ये अंदाजे २३ लाख. ‘अंदाजे’ हा शब्द तिथे छापलाय, कारण त्यात विमा कंपनीने अजून जाहीर न केलेला बोनसही धरलाय. तुम्ही एकूण १५ लाख भरणार. हप्ते कधी जातात आणि पैसे कधी येतात हे धरून हिशेब केला तर परतावा वर्षाला जेमतेम ४ टक्के. महागाई ६ टक्के धरली तर २०३९ मधले २३ लाख म्हणजे आजचे पावणेअकरा लाख. त्यातून दरवर्षी काश्मीर होणार नाही. आणि कर वाचण्याचं म्हणाल, तर पगाराची स्लिप बघा. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर या हप्त्यावर ८०सीची वजावट मिळतच नाही.

मग २८ जानेवारीचा तिसरा हप्ता भरायचा का? माझं उत्तर, नाही.

दोन वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेत, त्यामुळे पॉलिसी बुडणार नाही. पुढे भरणं थांबवलं की ती ‘पेड-अप’ होते. दहापैकी दोन हप्ते, म्हणून १५ लाखांचा पाचवा भाग, ३ लाख, अधिक पॉलिसीवर आजवर जमा झालेला बोनस असेल तो, २०३९ मध्ये मिळेल. आजच मोडली तर नियमाप्रमाणे किमान ३० टक्के, म्हणजे भरलेल्या ३ लाखांतले ९० हजार हातात येतील. ‘मोडता येत नाही’ हेही खोटंच होतं. मोडता येते, फक्त मार बसतो.

आजवरचं विसरून आजपासून पुढचं मोजा. पुढे आठ हप्ते, १२ लाख. ते भरले तर २३ लाख, नाही भरले तर ३ लाख. म्हणजे हे नवे १२ लाख तुम्हाला २० लाख मिळवून देणार, वर्षाला साडेपाच टक्क्यांच्याही आत. तेच आठ दीड-दीड लाख पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी २०३९ पर्यंत २३ लाखांच्या घरात जातात, आणि पेड-अपचे ३ लाख वर राहतात. ‘इतकं भरलंय तर पूर्णच करू’ असं मनात येईल. घरचेही म्हणतील. भरलेले तीन लाख दोन्ही वाटांवर सारखेच अडकलेत, त्यांच्यासाठी आणखी १२ लाख पाठवू नका.

आता मला खरी चिंता कसली आहे ते लिहितो. उद्या तुम्ही नसलात तर या घराला १५ लाख मिळतील. तुमचा हातात येणारा पगार वर्षाला ११ लाख. म्हणजे सोळा महिने. मुलगा तेव्हा दुसरीत असेल, आणि घराचे हप्ते चालूच. वर्षाला दीड लाख भरून हे एवढंच कवच तुम्हाला विकलं गेलं. दीड कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या, तब्येतीने धडधाकट माणसाला वर्षाला २५ हजारांच्या आसपास मिळतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. त्यातून परत काही मिळत नाही, आणि मिळायला नकोच.

दुसरं, बचत खात्यातले ४० हजार. घरखर्च आणि हप्ता मिळून तुमचा महिना ८० हजारांवर जात असणार. म्हणजे तुमच्याकडे पंधरा दिवसांची गंगाजळी आहे, आणि ७१ वर्षांच्या आई घरात आहेत. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये त्या आहेत का, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. सत्तरी पार केलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. त्यांचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड आधारवर निघतं. सहलीआधी काढा. जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे तेही पाहून ठेवा.

क्रम मात्र चुकवू नका. टर्म विम्याचा अर्ज याच आठवड्यात करा, कुठलाही आजार न लपवता. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, म्हणजे २७ फेब्रुवारीपर्यंत जुनं कवच पूर्ण चालू आहे. तेवढ्यात नवी पॉलिसी हातात येईल. ती आली की जुनीचा हप्ता भरू नका. बोनसचे दीड लाख आले की २५ हजार टर्म विम्याला आणि उरलेले सव्वा लाख मुदत ठेवीत, खऱ्या मुदत ठेवीत. दुसऱ्या वर्षीही तेच. पाच लाख जमेपर्यंत पीपीएफचंही नाव काढू नका. पेड-अप पॉलिसी पुढे कधीही मोडता येते, म्हणून आज घाईने मोडून ९० हजार घ्यायची गरज नाही. बँकेतून फोन येतील, ‘नुकसान होईल’ म्हणतील. आजचं सरेंडर मूल्य (आज मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य, दोन्ही आकडे विमा कंपनीकडून ईमेलवर मागा. फोनवर सांगितलेलं काहीही धरू नका.

आणि तक्रार करा. मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज असतील, त्यात ‘एफडी’ हा शब्द असेल तर ते जपून ठेवा. आधी बँकेला आणि विमा कंपनीला लेखी, मग विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल, तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही. सगळे पैसे परत मिळतील असं मी म्हणत नाही. तुमची सही कागदावर आहे, आणि त्यांचा पहिला बचाव तोच असेल. तरी करा.

सहल रद्द करू नका. पैसे भरलेत, मुलांनी दिवस मोजायला घेतले असतील. आईंना गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर नेऊ नका. अफरवत जवळजवळ चार हजार मीटरवर आहे, या वयात पहिल्या टप्प्यावरचं कोंगडोरी पुरे. त्यांच्यासाठी टंगमर्गला गमबूट घ्याल तेव्हा नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्या. रबर थंडी अडवत नाही, ऊब मिळते ती आतल्या लोकरी मोज्यातून. एकावर एक दोन मोजे कोंबले आणि पाय आवळला गेला तर रक्त फिरत नाही, पाय जास्तच गार पडतात. पैसे द्यायच्या आधी बुटात हात टोकापर्यंत घालून पाहा. आदल्या गिऱ्हाइकाचा ओलावा अस्तरात राहिलेला असतो. ओलसर लागला तर दुसरा जोड मागा, तोही ओला असेल तर शेजारचं दुकान बघा.